भिंतीवरचं स्क्रम, कोकणातला पावसाळा काढल्यानंतर

स्क्रम म्हणजे सॉफ्टवेअरचं काम छोट्या टप्प्यांत करायची पद्धत. कुठलं काम कुठवर आलं ते बऱ्याच टीम भिंतीवरच्या बोर्डावर चिठ्ठ्या लावून दाखवतात. त्या चिठ्ठ्यांपासूनच, स्टिकी नोट्सपासूनच सुरुवात करतो, कारण स्क्रमवर लिहिणारे त्याबद्दल मूग गिळून बसतात. जून ते सप्टेंबर या नोट्स रत्नागिरीत भिंतीवर राहत नाहीत. पाकिटावर 'सुपर' लिहिलेल्याही नाहीत. जुलैतल्या झडीत शनिवार-रविवार ऑफिस बंद राहिलं की सोमवारी निम्मा बोर्ड फरशीवर, किंवा झाडणाऱ्या मावशींनी नीट गोळा करून टेबलावर ठेवलेला गठ्ठा. कुठलं काम 'चालू' होतं आणि कुठलं 'तपासणीत', हे मग ज्याचा आवाज मोठा त्याच्या आठवणीने ठरतं.

टीम सहाजणांची. काम आंबा व्यापाऱ्यांच्या बिलिंगच्या आणि निवास-न्याहारीवाल्यांच्या बुकिंगच्या सॉफ्टवेअरचं. स्प्रिंट म्हणजे ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा, आणि स्टँड-अप म्हणजे रोजची उभ्याउभ्या घ्यायची छोटी बैठक, एवढं माहीत असलं की पुरे. स्क्रम ज्या अजाइल कुळातलं, त्याचा जाहीरनामा २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्डला, एका स्की रिसॉर्टमध्ये सतरा जणांनी मिळून लिहिला. तिथल्या हवेत कागद भिंतीवर महिनोन् महिने राहत असेल. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत नाही राहणार.

नोटेच्या मागे गोंदाचा सलग थर नसतो, बारीक गोळ्या असतात. म्हणून ती परत परत लावता येते, आणि म्हणूनच तिची पकड मुळात बेताची. डिस्टेंपरची पूड त्या गोळ्यांवर बसली की कारभार आटोपला. त्यात भिंतीला ओल, आणि दमट हवेने कागद वाकतो. शिवाय पॅडवरून नोट खालून वर ओढायची सवय सगळ्यांनाच असते. तशी काढली की तिला बाक येतो, खालची कड उचललेली राहते आणि पंख्याचा वारा तिथूनच शिरतो. गोंदाच्या पट्टीच्या दिशेने, आडवी ओढून काढली तर सपाट राहते. सनमायकावर किंवा खिडकीच्या काचेवर त्यातल्या त्यात टिकते. पण एवढे लाड करून घेणाऱ्या कागदाला पैसे कशाला मोजायचे?

उपाय स्वस्त आहे. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे जाड कार्डाचे कापून उरलेले तुकडे असतात. तीन बाय पाच इंचाच्या मापाने कापून मागा, नाममात्र पैशांत वर्षाची सोय होते. बोर्ड घ्यायला जाताना खिशात चुंबक ठेवा. स्वस्त पांढरे बोर्ड नुसत्या लॅमिनेटचे असतात, त्यांना चुंबक लागत नाही, आणि दुकानदार 'लागतं हो, लागतं' म्हणत राहतो. चुंबक काळे, फेराइटचे घ्या. चकचकीत निओडिमियमची पकड जबर, पण वरच्या निकेलच्या मुलाम्याचा टवका उडाला की खाऱ्या हवेत गंजतात आणि कार्डावर तांबडा डाग पाडतात. रकान्यांच्या रेघांना इन्सुलेशन टेप लावू नका, मे महिन्याच्या उकाड्यात तिचा गोंद पाझरतो. मार्करनेच आखा. जुनी रेघ पुसली जात नसेल तर तिच्यावरूनच ताज्या मार्करने गिरवून लगेच पुसा, दोन्ही निघतात. कार्डावर बॉलपेन. जेलपेन दमट हाताने फिसकटतं.

आता कुणी म्हणेल, ऑनलाइन बोर्ड घ्या की. घेतलेला होता. पैसे माणशी, दरमहा, डॉलरच्या भावाने. फुकटात मिळणाऱ्या सोयी मध्येच आखडल्या, जुन्या नोंदी बघायला वरचा प्लॅन घ्या म्हणाले, आणि तक्रारीवर 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' छापाची उत्तरं. नाव लिहीत नाही, पण पुन्हा त्यांच्या दारात जाणं नाही. व्यापाऱ्याला नुसतं आपलं काम कुठवर आलं ते बघू द्यायचं, तरी एका माणसाचं भाडं! आणि लाइट गेली की इन्व्हर्टरवर ऑफिस चालतं, पण टॉवरची बॅटरी संपली की रेंज जाते, बोर्डही जातो.

पण माझा खरा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. ऑनलाइन रकान्याला तळ नसतो. 'चालू'मध्ये चाळीस कामं टाकली तरी तो निमूट खाली सरकत राहतो. मर्यादा घालायची सोय बऱ्याच बोर्डांत असते, पण ती ओलांडली की बहुतेक ठिकाणी नुसता रकाना लाल होतो, कार्ड आत जायचं ते जातंच. चुंबकाच्या बोर्डावर चार कार्डांचीच जागा आखली तर पाचवं लावायला हात पुढे करणारा सगळ्यांना दिसतो.

ही मर्यादा म्हणजे या सगळ्या पद्धतीतली पैसे वसूल करून देणारी एकमेव वस्तू आहे, असं माझं मत झालंय. स्क्रमच्या पुस्तिकेत, म्हणजे स्क्रम गाइडमध्ये, ती नाही, ती कानबान नावाच्या दुसऱ्या पद्धतीतून घ्यावी लागते. हिशोब जॉन लिटलने १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमाचा: अर्धवट कामांची सरासरी संख्या भागिले पूर्ण होण्याचा दर म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी वेळ. बोर्डावर १८ कार्डं अर्धवट आणि आठवड्याला ६ पूर्ण होत असतील, तर प्रत्येक कार्ड सरासरी ३ आठवडे रेंगाळणार. दर तोच ठेवून अर्धवट कामं ९ वर आणा, दीड आठवडा. कुणालाही जास्त वेळ बसवावं लागत नाही.

सहाजणांना 'चालू'त ४ आणि 'तपासणीत' २ एवढीच जागा ठेवा. माणसांपेक्षा 'चालू'ची जागा कमी, हे मुद्दाम. जागा नाही म्हटल्यावर मोकळा झालेला माणूस नवं कार्ड उचलत नाही, दुसऱ्याच्या अडकलेल्या कामाला हात लावतो किंवा तपासायला बसतो. पहिले दोन-तीन आठवडे कुरकुर होते, 'मी रिकामा बसलोय' असं तोंडावर ऐकावं लागतं. बसू द्यावं. माणूस रिकामा दिसला की मालकाच्या पोटात गोळा येतो, पण गिऱ्हाईक कार्ड पूर्ण झाल्याचे पैसे देतं, माणूस गुंतलेला असल्याचे नाही.

कार्डावर तीनच गोष्टी लिहाव्या. डाव्या कोपऱ्यात सुरू केल्याची तारीख. मध्ये काम, आणि खाली 'काय दिसलं की झालं' ते एका ओळीत. 'बिल सिंक करणे' हे कार्ड नव्हे. 'रेंज नसताना केलेलं बिल रेंज आल्यावर एकदाच चढतं, दोनदा नाही' हे कार्ड. त्यातूनच पुढचा उपाय सुचतो, की बिलाला क्रमांक फोनवरच द्यायचा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवी नोंद करायची नाही. कार्ड एका जागी राहिलं तर रोज एक ठिपका. पाच ठिपके झाले की त्यावर बोलल्याशिवाय स्टँड-अप संपवायचा नाही.

स्टँड-अपबद्दल. 'काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय' ही तीन प्रश्नांची पोपटपंची २०२० च्या स्क्रम गाइडमधून काढून टाकली आहे, तरी लोक घोकतायत. त्यातून होतं काय, प्रत्येकजण मालकाकडे बघून हजेरी देतो. त्यापेक्षा कार्डं वाचा, आणि उजवीकडून डावीकडे वाचा. जे संपायच्या सर्वांत जवळ आहे ते आधी. माणसाची नाही, कार्डाची चौकशी. मालकाने मागे उभं राहायचं, शक्यतो बोर्डाकडे तोंड करून, म्हणजे बोलणाऱ्याला त्याचा चेहरा वाचता येत नाही. पंधरा मिनिटं ही कमाल आहे, सहाजणांना आठ-दहा पुरतात.

नेतृत्वाबितृत्वावर त्या गाइडमध्ये सेवा करणारा नेता वगैरे सांगितलंय. इथे त्याचा अर्थ रोजच्या व्यवहारात एकच निघतो, तातडीचं काम कसं घ्यायचं. एप्रिलमध्ये व्यापाऱ्याचा फोन येतो, "अहो साहेब, पेटीचा भाव सकाळी एक नि दुपारी एक, तुमचं बिल जुन्याच भावाने निघतंय, आत्ताच्या आत्ता करा." मालक 'हो काका, लगेच' म्हणतो, टीमला सांगतो, आणि जुन्या कामाची तारीखही तशीच ठेवतो. खोटं बोलणं इथे सुरू होतं. बोर्डाच्या वरच्या बाजूला तातडीची एकच जागा आखा. ती भरलेली असेल तर दुसरं तातडीचं नाही. आणि ती भरताना मालकाने टीमला विचारायचं, "कुठलं कार्ड काढू?" काढलेलं कार्ड परत 'करायचं'मध्ये जातं, आणि त्या कार्डाच्या गिऱ्हाइकाला उशीर होणार हे मालक स्वतः फोन करून सांगतो, टीमवर ढकलत नाही. कामं वाटत फिरायचं नाही, कार्ड ज्याचं त्याने उचलायचं. एवढं जमलं तर बाकीचा नेतृत्वाचा वर्ग बुडवला तरी चालेल. दोन दिवसांच्या प्रमाणपत्रासाठी जे पैसे मागतात, त्यात उत्तम स्टीलचा बोर्ड येतो. गाइड फुकट आहे आणि एका बैठकीत वाचून होतं.

स्प्रिंटबद्दलचं मत मात्र मधल्या काळात बदललं. दोन आठवड्यांचा स्प्रिंट बाराही महिने चालवावा असं वाटत होतं. इथल्या वर्षाला ते मानवत नाही. मार्च ते मे आंब्याचा हंगाम, रोज नवी निकड. सोमवारी ठरवलेलं बुधवारी शिळं. त्या काळात स्प्रिंट सोडून नुसत्या मर्यादेवर काम वाहू द्यावं, योजना दर दोन दिवसांनी दहा मिनिटं. पावसाळ्यात गिऱ्हाईक शांत असतं, तेव्हा दोन आठवड्यांचे स्प्रिंट छान चालतात, मोठी कामं तेव्हाच उरकतात. गणपतीच्या आठवड्यात स्प्रिंट धरूच नका. मुंबईकर टीम 'लॉगिन करतो' म्हणते तेव्हा ती आपल्या गावी आरतीत असते, आणि ते योग्यच आहे. त्या पंधरवड्याचा वेग, म्हणजे किती काम पूर्ण झालं ते, सरासरीत धरला तर पुढचे अंदाज बिघडतात. शिमग्यालाही तेच.

अंदाजाचा विषय निघालाच आहे तर, प्लॅनिंग पोकर म्हणजे काम किती मोठं आहे ते प्रत्येकाने पत्त्याने सांगायचं, त्याचे खास पत्ते विकत घेऊ नका. पत्त्यांच्या कॅटमधून एक्का, दुरी, तिरी, पंजी, अठ्ठी काढा, आणि 'फार मोठं आहे, तोडा' म्हणायला राजा. एका कॅटमध्ये चौघांची सोय होते, सहाजणांना दोन कॅट. सगळ्यांनी एकदम उलटायचे. एकाचा एक्का आणि दुसऱ्याची अठ्ठी निघाली तर आकडा विसरा, दोघांनाच बोलू द्या. त्या बोलण्यासाठीच हा खेळ आहे. काही काळाने सगळी कार्डं साधारण सारख्याच मापाची कापायला जमू लागली की पत्ते ठेवून द्या आणि नुसती कार्डं मोजा. पत्त्यांवरचे आकडे, म्हणजे पॉइंट, मोजून दुसऱ्या टीमशी तुलना करणाऱ्या साहेबाला कॅट देऊन रमी खेळायला बसवावं.

रिव्ह्यू, म्हणजे झालेलं काम गिऱ्हाइकाला दाखवायची बैठक, ऑफिसात घेऊ नये. हंगामात व्यापारी येत नाही आणि आला तरी प्रोजेक्टरवर सगळं छानच दिसतं. त्याच्या पॅकिंगच्या शेडमध्ये जा, त्याच्याच फोनवर चालवून दाखवा, तोही बोटांना चीक लागलेला असताना. बटण लहान आहे हे तिथे अर्ध्या मिनिटात कळतं. 'झालं' म्हणायच्या अटी बोर्डाच्या कडेला लिहून ठेवल्यात: दुसऱ्याने कोड वाचला, चाचण्या चालल्या, जुन्या अँड्रॉइडवर उघडलं, रेंज बंद करून बघितलं, खऱ्या सर्व्हरवर गेलं. चौथी अट सर्वांत जास्त कार्डं परत पाठवते.

रेट्रोमध्ये, म्हणजे कामाची पद्धत कशी सुधारायची त्या बैठकीत, चहा आणि ए.सी.च्या तक्रारी निघतात. निघू द्या, पण शेवटी एकच गोष्ट निवडून तिचं कार्ड करा आणि बोर्डावर लावा. चार ठरवल्या की एकही होत नाही.

ऑनलाइन बोर्डावर वर एवढं तोंडसुख घेतलं, तरी एक कबूल करायला हवं. देवरुखहून घरून काम करणाऱ्याला भिंत दिसत नाही. त्यावर तोडगा म्हणजे स्टँड-अप संपला की बोर्डाचा फोटो ग्रुपवर, रोज, तारखेसह. त्याचं कार्ड ऑफिसातल्या एकाने हलवायचं, कोण ते ठरवून ठेवायचं. आणि पूर्ण झालेल्या कार्डांच्या सुरू केल्याची आणि संपल्याची अशा दोन्ही तारखा शीटमध्ये चढवा, नाहीतर 'हे मागच्या हंगामात केलं होतं का' याचं उत्तर पुठ्ठ्याच्या खोक्यात शोधावं लागतं. शोधाच्या बाबतीत ऑनलाइन बोर्ड सरस आहे, यात वाद नाही. फक्त त्या भावाने नाही.

भिंतीवरच्या या बोर्डाला पाचपैकी चार गुण. एक गुण 'तपासणीत'च्या रकान्यासाठी कापला. तिथल्या दोन जागा कायम भरलेल्या, ठिपके तिथेच सर्वांत जास्त, कारण तपासायला सगळे मोकळे आणि उचलायला कुणी नाही. पुढच्या स्प्रिंटला त्यांतली एक जागा काढून बघणार आहे. लोक ओरडतील.