जुन्या ट्रकला एसी: पट्ट्यावरचा की बॅटरीवरचा?

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. जुन्या गाडीचं मात्र आपलं आपणच बघायचं.

पट्ट्यावरच्या एसीचा कॉम्प्रेसर (गारवा करणारा पंप) इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. चढणीला ओढ जरा कमी होते, पण भर उन्हात केबिन गार राहते. इंजिन बंद, की गारवा बंद.

बॅटरीवरचा, म्हणजे छतावर बसणारा २४ व्होल्टचा एसी ढाब्यावर झोपायला झकास. पण हिशेब बघा: तो ४० अँपिअर ओढत असेल, तर १३० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) दोन बॅटऱ्या (सिरीजमध्ये, म्हणजे एकीला दुसरी जोडून; व्होल्ट दुप्पट, पण क्षमता १३०च) दीड-पावणेदोन तासांत अर्ध्यावर. पहाटे सेल्फ मारला, की नुसती टकटक! लो-व्होल्टेज कटऑफ (बॅटरी उतरायला लागली की एसी आपोआप बंद करणारी सोय) नसेल तर घेऊच नका.

दिवसा पळणाऱ्या गाडीला मी पट्ट्याचाच बसवीन. त्याआधी दाराची फाटकी रबरं बदलीन, नाहीतर सगळा गारवा हायवेवर.