इस्तंबूलचा दोन दिवसांचा टूरिस्ट पास – घ्यावा का?

रेटिंग पाचपैकी दोन, तेही एका टाकीमुळे.

मी, नवरा आणि सासूबाई, पहिल्यांदाच इस्तंबूल. सोमवारी दुपारी पोचायचं आणि बुधवारी संध्याकाळची परतीची फ्लाइट, म्हणजे धड दोन दिवसही नाहीत, म्हणून घरूनच मोबाइलवर दोन दिवसांचा पास, म्हणजे एकदाच पैसे भरून यादीतली ठिकाणं बघायची सोय, घेऊन टाकला, म्हटलं तिकिटांच्या रांगेत कोण उभं राहणार. कंपनीचं नाव देत नाही, असे पास विकणारे तिथे बरेच आहेत.

पहिली चूक आमचीच. हॉटेलात बॅगा टाकल्या आणि हौसेने साडेचारला येरेबातानला, म्हणजे त्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत, पास स्कॅन केला. रात्री नियम वाचले तर दोन दिवस म्हणजे ४८ तास नव्हेत, तारखेचे दोन दिवस! म्हणजे बारा वाजले की पहिला दिवस खलास. टाकी मात्र खरंच बघण्यासारखी, सहाव्या शतकातली, ३३६ खांब, अंधुक उजेड, खाली थोडं पाणी आणि कोपऱ्यात दोन खांबांखाली मेड्युसाची (ग्रीक पुराणातली, केसांच्या जागी साप असलेली) डोकी, एक उलटं आणि एक आडवं. आई म्हणाल्या, अगं ही बिचारी दीड हजार वर्षं अशीच लटकलीय होय?

दुसऱ्या दिवशी सकाळी आवरून तोपकापी राजवाड्याच्या दाराशी, तर बंद. मंगळवारी तो बंदच असतो, जगाला माहीत, आम्हाला नाही. पासच्या अ‍ॅपमध्ये होतं म्हणे, पण चार स्क्रीन आत. ग्रँड बझार, तो मोठा छताखालचा बाजार, रविवारी बंद असतो आणि निळ्या मशिदीत शुक्रवारी दुपारच्या नमाजाला टूरिस्टना घेत नाहीत, तेव्हा विमानाचं तिकीट काढायच्या आधी वार बघा, पास बिस सगळं नंतर.

सगळ्यात डोकं फिरलं ते आयासोफियाला, म्हणजे पूर्वी चर्च असलेल्या त्या जुन्या मशिदीला. पासच्या यादीत नाव ठळक, पण प्रत्यक्षात बाहेर चौकात उभं राहून गाइड जे सांगेल ते ऐकायचं, आत जायचं तर २५ युरोचं तिकीट वेगळं, आणि तेही फक्त वरच्या गॅलरीत, खालचा मजला नमाजासाठी. आम्ही काढलं आणि पश्चात्ताप नाही झाला, सहाव्या शतकात एवढा घुमट उभा केला कसा हे वर मान करून बघतच राहिलो. पण मग पास कशाला घेतला होता? आणि ते ‘रांग नको’ प्रकरण म्हणजे फक्त तिकिटाची रांग नको, सिक्युरिटीची रांग सगळ्यांना तीच. निळी मशीद तर फुकटच आहे, डोकं झाकायला ओढणी तेवढी जवळ ठेवा.

पासमध्ये बॉस्फरसची, म्हणजे शहराच्या मधून जाणाऱ्या सामुद्रधुनीची, क्रूझही होती, पण तिची वेळ आमच्या वेळेशी काही जुळेना. शेवटी स्टेशनवरच्या मशीनमधून इस्तंबूलकार्ड, म्हणजे ट्राम-बस-बोटीला चालणारं कार्ड, घेतलं, एकाच कार्डावर तिघं, आणि एमिनोनूहून उस्कुदारच्या साध्या बोटीत बसलो जिच्यात तिथले लोक रोज कामावर जातात. वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात! बोटीत पेल्यातला चहा मिळतो, सीगल बाजूने उडत येतात आणि लोक सिमितचे, म्हणजे तीळ लावलेल्या गोल पावाचे, तुकडे भिरकावतात. आईंनी पण एक भिरकावला, पक्ष्याने हवेतच झेलला, तर म्हणतात, बघ, आपल्याकडे पितृपक्षात कावळ्याच्या किती विनवण्या कराव्या लागतात. दिवसभरच्या चढउतारांनी त्यांचे गुडघे बोलायला लागलेले, बोटीत तासभर निवांत झाले, कारण आम्ही उतरलोच नाही फारसे, परतीची पकडली आणि पुन्हा गेलो.

तीन-चार दिवस असतील, मधे मंगळवार येत नसेल आणि रोज तीन-तीन म्युझियम बघायचा दम असेल तर पासचे पैसे कदाचित वसूल होतील. दोन दिवसांसाठी कार्ड, आयासोफियाचं तिकीट आणि टाकीचं तिकीट, बस्स. तोपकापी आमचं राहिलंच.