लॅप टायमर घरीच बनवायचाय? सड्यावरचा आणि शेडमधला हिशेब

सड्यावर, म्हणजे कातळाच्या मोकळ्या पठारावर, चौघं मिळून ड्रोनची शर्यत लावायला लागलो की पहिलं भांडण वेळेवरून होतं: कोणाची फेरी, म्हणजे लॅप, किती सेकंदांची? मोबाइलचं स्टॉपवॉच ज्याच्या हातात, तो आपल्या भावाला थोडी सूट देणारच. नाही दिली तरी माणसाचं बोट साधारण दोन दशांश सेकंद मागे असतं. ताशी ६० किलोमीटरने जाणारा ड्रोन तेवढ्यात तीन मीटरहून जास्त अंतर कापतो. दोघांच्या लॅपमधला फरकही बरेचदा एवढाच असतो.

तुम्ही एकटेच सराव करत असाल तर आधी काहीच बनवू नका. ड्रोनचा कॅमेरा दाखवणाऱ्या गॉगलमधलं डीव्हीआर रेकॉर्डिंग घरी बघा आणि गेट, म्हणजे लॅप मोजायची कमान, पार होतानाची फ्रेम मोजा. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर ३३ मिलिसेकंदापर्यंत हिशेब लागतो. फुकटचं काम आहे, पण कंटाळवाणं. चार दिवसांत सोल्डरिंग गन बाहेर निघते, हा अनुभव.

मग खरा प्रश्न येतो: इन्फ्रारेड की रेडिओ? आणि रेडिओ असेल तर एका ड्रोनचा की चौघांचा?

इन्फ्रारेडचा टायमर समजायला सगळ्यात सोपा. ड्रोनवर एक छोटा एलईडी ३८ किलोहर्ट्झवर आपला क्रमांक लुकलुकत पाठवत राहतो आणि गेटवरचा टीएसओपी१७३८ सेन्सर तो वाचतो. टीव्हीच्या रिमोटसारखंच. सेन्सर कुठेही मिळतो, दुरुस्तीवाल्याच्या खोक्यातही सापडेल. रेषा काटेकोर मिळते, शेजारून गेलेला ड्रोन चुकून मोजला जात नाही. शिवाय व्हिडिओ ॲनालॉग आहे की डिजिटल, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. डीजेआयचा डिजिटल व्हिडिओ वापरणारा मित्र असेल तर ही बाजू मोठी आहे, कारण त्याचा सिग्नल रुंद पट्ट्यावर पसरलेला असतो आणि साध्या रेडिओ टायमरला त्याचा सगळ्यात मोठा जोर नीट सापडत नाही.

पण एप्रिलमध्ये सकाळी अकराला सड्यावर उभं राहून बघा. वर झाड नाही, खाली तापलेला कातळ. सूर्यप्रकाशातही इन्फ्रारेड भरपूर असतं. सेन्सर दिपतो आणि पल्ला हातभर उरतो. काळ्या पाइपची नळी करून सेन्सरला टोपी घातली, दोनाचे चार सेन्सर केले, तरी वेगात गेलेला प्रत्येक ड्रोन पकडला जाईलच असं नाही. शिवाय प्रत्येक ड्रोनवर वेगळी चिप आणि एलईडी लावायचा. पाच इंची पंख्यांच्या ड्रोनला ते जाणवतही नाही, पण बॅटरीविना वीसेक ग्रॅमच्या व्हूपवर, म्हणजे घरात उडवायच्या चिमुकल्या ड्रोनवर, दीड-दोन ग्रॅम म्हणजे दहावा हिस्सा ओझं.

रेडिओचा टायमर ड्रोनवर काहीच लावत नाही. ड्रोन ५.८ गिगाहर्ट्झवर व्हिडिओ पाठवतच असतो, टायमर फक्त त्याचा जोर मोजतो. घरासमोरच्या रस्त्याने बुलेट येताना आवाज चढत जातो, दारात सगळ्यात मोठा होतो आणि पुढे विरतो, तसंच हे. जोर सगळ्यात जास्त झाला तो क्षण म्हणजे गेट. मोजणारा भाग म्हणजे आरएक्स५८०८ हे छोटं रिसीव्हर मॉड्यूल. ते ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या बोर्डाला जोडून फोबोसएलटी हे खुलं सॉफ्टवेअर चढवलं की एका पायलटचा टायमर तयार. तो स्वतःचं वायफाय सोडतो, मोबाइलवर पान उघडतं आणि प्रत्येक लॅपची वेळ बोलून दाखवतो. सड्यावर रेंज नसली तरी अडत नाही.

खरी मेहनत जोडणीत नाही, पातळ्या लावण्यात आहे. दोन पातळ्या असतात: जोर वरच्या पातळीपलीकडे गेला की ड्रोन ‘आला’, खालच्या पातळीखाली उतरला की ‘गेला’, आणि मधलं शिखर म्हणजे लॅपची वेळ. वरची पातळी फार वर ठेवली तर लॅप गळतात, खाली आणली तर ट्रॅकच्या दुसऱ्या बाजूने जातानाही लॅप पडते. आमच्या पहिल्या ट्रॅकवर परतीची वाट गेटपासून जेमतेम सहा मीटरवर होती. पठ्ठ्याने तीन फेऱ्यांत सहा लॅप मारले! शेवटी पातळ्यांशी झगडणं सोडून ट्रॅकच बदलला. लॅपची किमान वेळही घालून ठेवा, म्हणजे ‘पाच सेकंदांत दुसरी लॅप’ असले चमत्कार आपोआप बाद होतात.

अजून दोन गोष्टी. व्हिडिओ ट्रान्समीटर २५ मिलिवॉटवरच ठेवा. जास्त शक्तीवर रिसीव्हर भरून जातो, शिखराचं पठार होतं आणि पठाराचा नेमका मध्य शोधणं अवघड. आणि पातळ्या लावायच्या आधी टायमर दहा मिनिटं चालू ठेवा. मॉड्यूल गरम होतं, आणि थंड असताना लावलेल्या पातळ्या आमच्याकडे नंतर हमखास चुकल्या आहेत.

चौघांसाठी रोटरहॅझर्ड ही टायमरची मोठी प्रणाली. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, प्रत्येक पायलटसाठी एक आरएक्स५८०८ आणि त्यासोबत आर्डुइनो नॅनो हा चिमुकला बोर्ड. आठ पायलटपर्यंत सहज वाढवता येतं. हीट (शर्यतीचे गट), क्रमवारी, आवाजात घोषणा, सगळं आहे. रेस खरोखर भरवायची असेल तर दुसरा विचार करू नका. पण फक्त रास्पबेरी पायची किंमतच एकट्याच्या अख्ख्या टायमरहून जास्त पडते. नॅनो ५ व्होल्टवर चालतो, म्हणून त्याच्या आणि मॉड्यूलच्या प्रत्येक डेटा तारेत १००० ओहमचा रेझिस्टर घालतात; ईएसपी३२ला ही गरज नाही. उन्हात रास्पबेरी पाय ८० अंशांपर्यंत तापला की स्वतःच मंद होतो, म्हणजे छत्री, पंखा, राउटर, मोठी बॅटरी असा संसार सड्यावर न्यावा लागतो. दर रविवारी कोण नेणार, ते आधी ठरवा.

चॅनेल निवडताना एक लक्षात घ्या. रेसबँड या शर्यतीच्या चॅनेल-संचात चॅनेल ३७ मेगाहर्ट्झच्या अंतराने आहेत: आर१ ५६५८, आर८ ५९१७. भारतात ५.८ गिगाहर्ट्झचा विनापरवाना पट्टा ५८७५ पर्यंतच आहे, म्हणजे आर७ आणि आर८ आपल्या कामाचे नाहीत. तिघांना आर१, आर३, आर५ दिले की मध्ये ७४ मेगाहर्ट्झ राहतात. चौथा भिडू आला की कुरबुर सुरू होते.

डबा कोणताही करा, खाऱ्या वाऱ्याचं बघा. पिन-सॉकेटची जोडणी समुद्राकाठी एका हंगामात हिरवी पडते, म्हणून थेट सोल्डर करा. बोर्डवर पारदर्शक नेलपॉलिशचा हात मारा. अँटेनाचा जोड आणि सेन्सरची काच मात्र सोडा. आइस्क्रीमचा प्लास्टिकचा डबा उत्तम. पत्र्याच्या डब्यात रेडिओचा टायमर आंधळा होतो.

मी सुरुवात एकट्याच्या ईएसपी३२ टायमरनेच करेन. उद्या चौघं झालात तर आरएक्स५८०८ मॉड्यूल रोटरहॅझर्डमध्ये तसंच वापरता येतं, ते वाया जात नाही. मागवताना एसपीआय, म्हणजे बोर्डाकडून चॅनेल बदलायची सोय, चालू असलेलं मागा, नाहीतर जुन्या बनावटीच्या मॉड्यूलवरचा तांदळाच्या कणीएवढा रेझिस्टर भिंगाखाली काढत बसावं लागतं.

अपवाद एकच. जूननंतर सडा बंद होतो आणि आम्ही आंब्याच्या रिकाम्या पॅकिंग शेडमध्ये व्हूप उडवतो. वर पत्रा, बाजूला पत्रा; ५.८चा सिग्नल इतका आपटतो की एका गेटची तीन शिखरं दिसतात. तिथे ऊन नाही, गेट जेमतेम दोन हात रुंद, आणि सड्यावर दिपणारा तो टीएसओपी एकही लॅप सोडत नाही. तुमचं उडवणं बहुतेक छपराखालीच होणार असेल, तर ते दीड ग्रॅमचं ओझं खुशाल लावा.