पंखा कशावर टांगणार? स्लॅब, पीओपी, तुळई, कौलं आणि पत्रा यांची तुलना

पंखा घेताना आपण पात्यांचा रंग, स्टार, रिमोट सगळं बघतो. तो कशावर टांगणार, हे मात्र वायरमन घोडा लावून वर चढेपर्यंत कुणी विचारत नाही. खरं तर खर्च किती येईल, कारागीर कोणता बोलवायचा आणि केवढा पंखा चालेल, हे सगळं छतच ठरवतं. म्हणून आधी छतांची तुलना करतो, खोल्यांकडे नंतर येतो.

घरात सर्रास असतो तो १२०० मिलिमीटरचा, म्हणजे दुकानात ज्याला ४८ इंची म्हणतात तो पंखा, चार-पाच किलोच्या आसपास भरतो. वजन फार नाही, पण ते दिवसरात्र फिरतं आणि थरथरतं. नुसतं वजन वर्षानुवर्षं पेललं असतं असा खिळा किंवा स्क्रू या थरथरीने सैल होतो. पुढची सगळी तुलना याच एका गोष्टीवर उभी आहे.

स्लॅब: आयता हुक की अँकर फास्टनर?

स्लॅब ओतताना फॅन बॉक्स ठेवलेला असेल, तर त्यातला हुक जाड सळईचा असतो आणि त्याची टोकं स्लॅबच्या लोखंडावरून वळवून बांधलेली असतात. पंख्याचं वजन थेट स्लॅबवर जातं. याच्याइतकं भक्कम काम नंतर करता येत नाही, आणि पंखा चढवायला अर्धा तास पुरतो. हुक खोलीच्या मध्यापासून फूटभर बाजूला असला तरी मी तोच वापरा म्हणेन. बरोबर मध्य साधायचा म्हणून चांगला हुक सोडून नवं भोक पाडण्यात फायदा काही नाही.

जुन्या इमारतीत मात्र हुक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. हुक आणि शॅकल, म्हणजे पंख्याच्या रॉडच्या वरच्या टोकाची हुकला अडकवायची लोखंडी कडी, यांच्यामध्ये रबराचा गुल्ला असतो. तो झिजला की शॅकलचा बोल्ट थेट हुकवर घासत राहतो आणि हुकच्या वळणात खाच पडते. खालून हे कधीच दिसत नाही, कारण वर कॅनपी, म्हणजे जोड झाकणारी वाटी, असते. जुना पंखा उतरवला की वायरमनला हुक तारेच्या ब्रशने घासायला सांगा, मोबाइलचा टॉर्च लावून जवळून फोटो काढायला सांगा आणि तो फोटो स्वतः मोठा करून बघा. सळई एका जागी बारीक झालेली दिसली, किंवा वरच्या बाथरूमची गळती बॉक्समध्ये उतरून गंजाचे पापुद्रे निघत असतील, तर तो हुक बाद.

हुक नसेल किंवा बाद झाला असेल, तर अँकर फास्टनर. हॅमर ड्रिलने भोक पाडून आत बसवायचा आणि आवळला की फुलून पकड घेणारा हा बोल्ट चांगल्या काँक्रीटमध्ये पंखा सहज पेलतो. मात्र पकड काँक्रीटमध्येच हवी. प्लास्टरमध्ये ड्रिल भसकन आत जातं, काँक्रीट लागलं की जोर लावावा लागतो. तिथून पुढे अँकरची पूर्ण लांबी आत गेली पाहिजे. सळई आडवी आली तर भोक दोन इंच सरकवायचं, सळई कापायची नाही. घाईतला कारागीर अशा वेळी अर्ध्या भोकातच अँकर ठोकून मोकळा होतो, म्हणून ड्रिल चालू असताना समोर उभं राहावं.

दोन ठिकाणी अँकरचा नाद सोडा. एक, हातोडीने ठोकल्यावर स्लॅब पोकळ वाजतो किंवा तपकिरी डाग दिसतात तिथे. आतलं लोखंड गंजून काँक्रीट सुटत असतं. एकाच्या जागी चार बोल्ट मारले तरी ते सुटणाऱ्या थरातच बसणार. आधी स्लॅबची दुरुस्ती, मग पंखा. दोन, पोस्ट-टेन्शन स्लॅबच्या इमारती. त्यांच्या स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल असतात. सोसायटीच्या ऑफिसातून ड्रॉइंग बघितल्याशिवाय तिथे ड्रिल लावू देऊ नका.

पीओपी आणि जिप्सम: इथे सगळ्यात जास्त फसगत होते

फॉल्स सीलिंग पंखा पेलत नाही, हे वाक्य इंटिरियरवाल्याकडून कागदावर लिहून घेण्याइतकं महत्त्वाचं आहे. जिप्समचा बोर्ड साधारण साडेबारा मिलिमीटर जाड असतो आणि पातळ पत्र्याच्या चॅनलला स्क्रूने लावलेला असतो. तो स्वतःचं वजन आणि चार दिवे धरण्यापुरता आहे. चॅनलच्या वर प्लायवूडचा तुकडा ठेवून त्यात हुक मारला तरी वजन शेवटी त्याच चॅनलवर येतं. पंखा वरच्या स्लॅबलाच टांगला पाहिजे. सीलिंगला फक्त भोक असावं, त्यातून रॉड खाली यावा आणि भोक झाकायला कॅनपी असावी.

आता निवड दोन गोष्टींत. संपूर्ण छत पीओपीने झाकायचं, की कडेने पट्टा करून मधला भाग मोकळा ठेवायचा? मी दुसऱ्याच्या बाजूने आहे. मधला भाग मोकळा असला की स्लॅबचा हुक डोळ्यांसमोर राहतो, रॉड नेहमीचा चालतो आणि पुढे कधीही तपासणी करता येते. पूर्ण झाकलेल्या छतात स्लॅब ते पीओपी जेवढं अंतर, तेवढा जास्त लांब रॉड लागतो. दीड किंवा दोन फुटी रॉड वेगळा मागवावा लागतो आणि पंख्याच्या आतल्या वायरी वाढवाव्या लागतात. त्यांचा सांधा रॉडच्या आत नको, वर कनेक्टरमध्ये हवा. शिवाय लांब रॉडवर पंखा जास्त डोलतो, म्हणून पाती बसवताना काटेकोर राहावं लागतं.

पूर्णच झाकायचं ठरलं असेल तर कामाचा क्रम बदला. आधी वायरमन येऊन अँकर मारेल, ओढून बघेल, जागेचा फोटो मापाच्या टेपसकट काढेल. पीओपीवाला त्यानंतर. उलट क्रमाने केलं की तयार छत कापावं लागतं, पॅच दिसतो आणि वरची पकड नीट तपासता येत नाही. छतातले दिवे पात्यांच्या घेराबाहेर ठेवा. पात्यांच्या वर दिवा आला की सावल्या भिंतीवर फडफडत राहतात आणि वाचायला बसलं की डोळे दुखतात.

तुळई आणि लादी-गर्डर

गिरगाव-लालबागच्या चाळींत आणि पुण्याच्या उरलेल्या वाड्यांत सागवानी तुळया आहेत, आणि चांगली तुळई पंख्यासाठी उत्तम आधार आहे. चुकते ती पद्धत. तुळईत खालून स्क्रूचा हुक फिरवला, तर वजन लाकडाच्या तंतूंनी धरलेल्या आट्यांवर येतं आणि थरथरीने आटे सैल होतात. त्याऐवजी तुळईला वेढा घालणारी लोखंडी पट्टी करून बोल्टने आवळायची, किंवा आडवा आरपार बोल्ट घालून त्याला पट्टी अडकवायची. हे काम लोहाराचं किंवा फॅब्रिकेटरचं आहे. वायरमन नंतर येतो. आधी स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टोक सहज आत गेलं किंवा भुसा पडला, तर वाळवी आहे आणि ती तुळई पंख्यासाठी नाही.

लादी-गर्डरच्या छताला, म्हणजे लोखंडी गर्डरवर दगडी लाद्या आणि वर कोबा असलेल्या छताला, लादीत ड्रिल कधीच लावायचं नाही. दगड तडकला तर अख्खी लादी धोक्यात येते. गर्डरच्या खालच्या आडव्या कडेला धरणारा क्लॅम्प मिळतो किंवा करून घेता येतो. पंखा गर्डरच्याच रेषेत येणार, खोलीच्या मध्यात येईलच असं नाही, एवढी तडजोड स्वीकारा.

कौलारू घर आणि पत्र्याची शेड

कौलारू घरात वासे आणि रिपा कौलांसाठी असतात, त्यांवर पंखा नको. दोन भिंतींवर टेकलेली आडवी तुळई असेल तर वर सांगितलेली पट्टी वापरा. नसेल तर भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड लोखंडी पाइप टाकून त्याला क्लॅम्प लावा. कोकणात समुद्राजवळ हा पाइप आणि सगळे नट-बोल्ट गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस घ्या. खाऱ्या हवेत साधं लोखंड फार लवकर जातं. माळ्यावरून जाणारी वायर पाइपातूनच न्या, उंदीर उघडी वायर सोडत नाहीत.

पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी अँगलची कैची, म्हणजे छप्पर पेलणारा सांगाडा, असते, तिलाच क्लॅम्प. सिमेंटचा पत्रा जुना असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चाला आणि त्याला भोक पाडू नका. ती धूळ फुप्फुसांना घातक असते. आणखी एक गोष्ट उन्हाळ्याआधी ठरवा: तापलेल्या पत्र्याखाली अडकलेली गरम हवाच पंखा खाली ढकलतो. तिथे मोठ्या पंख्यावर खर्च करण्याआधी वरची गरम हवा बाहेर काढणारा एक्झॉस्ट किंवा पत्र्याखाली उष्णतारोधक थर जास्त उपयोगी पडतो.

खोलीप्रमाणे काय बदलतं

पाती जमिनीपासून निदान सात फूट, शक्यतो आठच्या आसपास. छतापासून निदान फूटभर खाली. आणि भिंत, माळा किंवा कपाटापासून दीड फूट दूर. वर फूटभर जागा लागते, कारण पंखा वरूनच हवा ओढतो. छताला अगदी चिकटून बसवलेला पंखा फिरतो जोरात, पण वारा देत नाही.

दहा बाय दहाच्या खोलीला एक १२०० मिलिमीटरचा पुरतो. बारा बाय अठराच्या हॉलला एक मोठा घेण्यापेक्षा दोन १२०० चे बसवा, कारण सोफा आणि जेवणाचं टेबल दोन टोकांना असतात. सात फुटांहून अरुंद खोलीत ९०० मिलिमीटरचा घ्या. बेडरूममध्ये वरच्या माळ्याचं दार उघडल्यावर पात्याला लागतं का, ते आधी बघा. मुलांचा दुमजली पलंग पात्यांच्या घेरापासून लांब हवा, इथे तडजोड नाही.

स्वयंपाकघरात गॅसच्या डोक्यावर पंखा नको, ज्योत हलते आणि विझूही शकते. ओट्यापासून दूर छोटा ६०० किंवा ९०० मिलिमीटरचा, आणि ओट्याजवळ एक्झॉस्ट, अशी जोडी चांगली. देवघराच्या कोपऱ्यासाठीही हाच विचार करा, समई तेवत राहिली पाहिजे. उघड्या गॅलरीत पावसाचे शिंतोडे येत असतील तर साधा पंखा लावू नका, ओल सहन करणारा म्हणून विकला जाणाराच घ्या. आणि बाळाचा पाळणा पंख्याच्या हुकला कधीच बांधू नका. झोपाळ्या-पाळण्याला झोके असतात; त्याच्यासाठी वेगळी, जाड कडी लागते.

कुणाला बोलवायचं?

स्लॅबमध्ये चांगला हुक आणि चालू वायरिंग असेल तर ओळखीचा वायरमन पुरे. मोबाइल ॲपवरून येणारा कारागीरही हे काम नीट करतो, दरही आधी कळतो. पण ड्रिल, अँकर, लांब रॉड हे दरात धरलंय का ते आधीच विचारा. कंपनीचा माणूस बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या, किंवा रिमोटच्या पंख्यासाठी उपयोगी, कारण बिघाड झाल्यास वॉरंटीचा वाद टळतो. मात्र तो बहुतेक वेळा तयार हुक गृहीत धरून येतो. तुळई, गर्डर, पत्रा असेल तर आधी फॅब्रिकेटर. नवा पॉइंट काढायचा असेल, जुनी वायर कडक होऊन तडकत असेल किंवा अर्थिंग नसेल, तर परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडेच द्या. तिथे दोन-चारशे रुपये वाचवू नयेत.

बीएलडीसी घेताना एक सांगायला विसरू नका: त्याचा वेग रिमोटवर किंवा पंख्याच्या स्वतःच्या यंत्रणेवर चालतो. जुना रेग्युलेटर मध्ये राहिला तर आतलं सर्किट बिघडू शकतं, म्हणून रेग्युलेटर काढून थेट जोडणी करून घ्या. जुन्या पद्धतीचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, हा ३० च्या आसपास. रोज बारा तास चालणाऱ्या पंख्याला महिन्याला १६ युनिट वाचतात. १ जानेवारी २०२३ पासून पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं आहे, तेव्हा खोक्यावर ते असलंच पाहिजे. तीन पाती एकाच खोक्यातली हवीत. एका पंख्याचा संच जुळवलेला असतो, दुसऱ्याचं पातं त्यात मिसळलं की पंखा डोलतो.

पैसे देण्याआधी कॅनपी वर सरकवू देऊ नका. हुकपाशी आणि मोटरपाशी, दोन्ही बोल्टना नटापलीकडे स्प्लिट पिन घातलेली दिसली पाहिजे, आणि तिच्या दोन्ही शेपट्या उलट दिशांना वाकवलेल्या हव्यात. नट सैल झाला तरी पंखा खाली येऊ न देणारी गोष्ट हीच. पिन हरवली म्हणून तार पिळून घालणारे असतात. तसं केलेलं दिसलं तर पिन आणायला पाठवा. मग पंखा पूर्ण वेगात दहा मिनिटं चालवा, बंद करून पात्यांचे स्क्रू पुन्हा आवळायला लावा, आणि त्यानंतरच कॅनपी वर सरकवू द्या.