पहिला रिॲक्टिव बॉल: सँड करायचा की पॉलिश?

इथे न्यू जर्सीत मी दर गुरुवारी बॉलिंगची लीग खेळतो आणि दर सीझनला आपल्या मराठी मंडळींपैकी कुणीतरी नवा रिॲक्टिव बॉल (कोरड्या लेनला धरून वळणारा, रेझिनच्या आवरणाचा) घेऊन येतं आणि हेच विचारतं, की दादा याला पॅड मारू, म्हणजे सँड करून खरखरीत करू, की चकाचक पॉलिश करू. माझं उत्तर आधीच सांगतो. एकच बॉल असेल आणि नेहमीच्या हाउस शॉटवर (बॉलिंग सेंटर लेनवर रोज जसं तेल लावतं, त्यावर) खेळत असाल तर 2000 च्या पॅडने सुरुवात करा. हा आकडा म्हणजे पॅडचा ग्रिट, जितका मोठा तितकं पॅड बारीक. पण त्यामागचं कारण कळलं नाही तर लेन बदलल्यावर परत अडकाल, म्हणून जरा सविस्तर.

बहुतेकांना वाटतं की खरखरीत बॉल जास्त वळतो आणि गुळगुळीत कमी, बास. हे अर्धंच खरं आहे. बॉल सोडायची रेघ म्हणजे फाउल लाइन, तिथपासून सगळ्यात पुढची पिन, म्हणजे हेड पिन, 60 फूट, हाउस शॉटचं तेल साधारण पहिल्या 40 फुटांपर्यंत, म्हणजे शेवटचे 20 फूट कोरडे. पावसाळ्यात घाटात घासलेल्या टायरची गाडी कशी घसरते आणि नक्षी शाबूत असलेल्या टायरची रस्ता धरते, तसंच आहे हे. खरखरीत बॉलचे बारीक ओरखडे तेलातूनही लेनला पकडतात, त्यामुळे तो लवकर वळायला लागतो, लवकर रोल होतो आणि पिनपर्यंत पोचेपर्यंत त्याचा जोर संपलेला असतो. पॉलिश केलेला तेलावरून सरळ घसरत जातो, जोर राखून ठेवतो आणि कोरड्यात आला की झटक्यात वळतो. तेव्हा किती वळतो यापेक्षा कुठून वळायला लागतो हे बघा, सरफेस त्याच्यावरून ठरतो.

आता पॉलिशचं. लेन कोरडी असेल, किंवा दोन-तीन गेम होऊन सगळ्यांच्या बॉलनी तुमच्या लाइनवरचं, म्हणजे बॉल जातो त्या वाटेवरचं, तेल उचलून नेलं असेल, तर पॉलिशसारखं सुख नाही, बॉल पुढे जातो आणि पॉकेटमध्ये (हेड पिन आणि तिच्या शेजारच्या पिनमधली फट, स्ट्राइकसाठी बॉल लागायला हवा ती जागा) कोनात शिरतो. पण ताज्या तेलावर हाच बॉल नवशिक्याला रडवतो, कारण एक बोर्ड (लेनची एक उभी पट्टी) आत टाकला तर वळतच नाही आणि एक बोर्ड बाहेर टाकला तर पॉकेट ओलांडून पलीकडे जातो. लेनला 39 बोर्ड असतात आणि आपण दर वेळी त्याच बोर्डावर टाकतो असं छातीठोक सांगणारे फार कमी, मी तर त्यात नाही. आणि पॉलिश म्हटलं की सगळी सारखी नसतात बरं का, खाली 500 मारून वर पॉलिश केलं तर शेवटी जास्त झटका, खाली 2000 मारून केलं तर शांत. प्रो शॉपमध्ये (बॉलिंगच्या सामानाच्या दुकानात) नुसतं "पॉलिश करा" म्हणू नका, खाली कोणता ग्रिट मारणार हे विचारा.

2000 मध्ये तो झटका नाही, पण अंदाज आहे. बॉल वळण एका लयीत घेतो, थोडी चूक झाली तरी पॉकेटच्या आसपास राहतो. स्कोअर सुधारायला नवशिक्याला हेच लागतं, म्हणून माझा कल इकडे.

500 आणि 1000 हे खूप तेलासाठी, तेल लेनवर लांबपर्यंत लावलेल्या पॅटर्नसाठी. इथे मी स्वतः चुकलोय. एका स्पर्धेच्या आदल्या रात्री गॅरेजमध्ये बादली घेऊन बसलो आणि माझ्या निळ्या रिॲक्टिव बॉलला 500 चं पॅड हाताने घासलं, पाणी दुधाळ निळं होईपर्यंत, आणि बॉलवरून बोट फिरवलं तर खडूच्या फळ्यासारखं लागत होतं, फार समाधान वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लेनवर वाटलं होतं त्याच्या निम्मंही तेल नव्हतं. बॉल मध्येच वळून संपायचा, पॉकेटला लागायचा पण नुसता ढकलल्यासारखा, आणि 10 नंबरची पिन उभी. सकाळभर तीच पिन. एकदा स्पर्धा सुरू झाली की यूएसबीसीच्या (अमेरिकेतल्या बॉलिंग संघटनेच्या) नियमाने बॉलला पॅड किंवा पॉलिश लावता येत नाही, 2019 च्या ऑगस्टपासून तर पुसायलाही लिक्विड चालत नाही, फक्त कोरडा टॉवेल. त्यामुळे जे काही करायचं ते आधीच, आणि शंका असेल तर बारीक पॅड घ्या. लेनवर फार सरळ जाणाऱ्या बॉलसाठी तुम्ही लाइन बदलू शकता, अर्ध्यात जोर संपलेल्याला मात्र काही करता येत नाही.

अजून एक, हे सगळं रिॲक्टिव आणि युरेथेन (आणखी एका प्रकारचं आवरण) बॉलसाठी. उरलेल्या पिन पाडायच्या प्लॅस्टिकच्या स्पेअर बॉलला किंवा मुंबई-पुण्यात मॉलमधल्या रॅकवरच्या हाउस बॉलला घासून काही खास फरक पडत नाही, तिथे कष्ट करू नका.

घरी करणार असाल तर ॲब्रॅलॉनसारखं फोमचं पॅड घ्या, हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपर नको, तो फोमसारखा गोलावर नीट बसत नाही. बॉल आधी क्लीनरने पुसा, नाहीतर तेलच घासत बसाल. पॅड ओलं ठेवा, बॉलच्या सहा बाजू धरा, प्रत्येक बाजूला साधारण तेवढाच वेळ, तेवढाच दाब. नुसता तेलाच्या रेघा दिसतात तो ट्रॅक घासायचा मोह होतो, तो टाळा, पूर्ण बॉल करा. जुने ओरखडे घालवायचे असतील तर आधी 1000 आणि मग 2000. प्रो शॉपच्या स्पिनरवर (बॉल फिरवणाऱ्या मशीनवर) हे जास्त एकसारखं होतं, पहिल्यांदा तिथेच करून घ्या आणि त्याचा स्पर्श बोटांत लक्षात ठेवा.

कारण हा सरफेस टिकत नाही. लेनच बॉलला हळूहळू घासून गुळगुळीत करते, 500 तर काही गेममध्येच मवाळ होतो. "बॉल मेला" म्हणून दीड-दोनशे डॉलरचा नवा घेणारे मी बघितलेत, आणि त्यातल्या दोघांच्या जुन्या बॉलला फक्त काही डॉलरचं पॅड हवं होतं. मी महिन्यातून एकदा, बुधवारी रात्री, तेच 2000 चं पॅड ओलं करून बसतो.