पहिला पाच तारांचा बेस: बेताच्या पैशांत कोणता घ्यावा

बेस गिटार घेताना आधी पाचवी तार हवी आहे का ते ठरवा. चार तारांच्या बेसवर सगळ्यांत खालचा सूर ई. गायकाने काळी एक लावली की सा येतो सी-शार्पवर, आणि तो खालच्या सप्तकात हाताशी नसतो. मग ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर), एक सप्तक वर चढून घ्यावा लागतो. नाट्यगीत असो की भजन, खर्ज पातळ पडतो. पाच तारांवर ईच्या खाली आणखी एक बी तार असते; तिच्या दुसऱ्या फ्रेटवर काळी एक, तिसऱ्यावर पांढरी दोन, चौथ्यावर काळी दोन. गोव्यातल्या तियात्राच्या (कोंकणी संगीत नाटकाच्या) किंवा लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट-सॅक्सोफोन असले की ई-फ्लॅटची पट्टी वारंवार येते, म्हणजे पुन्हा तोच चौथा फ्रेट. उलट ई, ए, जी याच पट्ट्यांत रॉक वाजवायचा असेल तर चार तारांचा चांगला बेस घ्या. तेवढ्याच पैशांत वाद्य एक पायरी वरचं मिळतं.

पाच तारांचं ठरलं तर पहिल्या खरेदीच्या यादीत साधारण चार नावं येतात: आयबानेझ जीएसआर२०५, कॉर्ट अ‍ॅक्शन फाइव्ह प्लस, स्क्वायर अ‍ॅफिनिटी जॅझ बेस फाइव्ह आणि यामाहा टीआरबीएक्स३०५. पहिले दोन स्वस्त, पुढचे दोन एक पायरी महाग. चौघांची स्केल (तारेची वाजणारी लांबी) ३४ इंचच, त्यामुळे लांबीवरून निवडायचं काही राहत नाही. ‘३५ इंच स्केल असल्याशिवाय बी तार नीट लागत नाही’ हे दुकानात हमखास ऐकू येतं. हिशेब करून बघा. ३४ वरून ३५ इंचांवर गेल्यावर त्याच तारेचा ताण सुमारे ६ टक्के वाढतो. तार .१२५ ऐवजी .१३० इंच जाडीची घातली तर तो सुमारे ८ टक्के वाढतो. एका इंचासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा जाड तार स्वस्त.

खरा फरक हातात कळतो. जीएसआर२०५ ची मान नटपाशी (डोक्याकडच्या, तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीपाशी) ४५ मिमी रुंद आणि ब्रिजवर (तारांच्या दुसऱ्या टोकाला) दोन तारांमधलं अंतर १६.५ मिमी. गिटारवरून येणाऱ्याला, लहान हाताच्या माणसाला हे सोपं जातं. स्लॅप करणाऱ्याचा, म्हणजे अंगठ्याने तार ठोकून वाजवणाऱ्याचा, अंगठा मात्र शेजारच्या तारेवर आपटतो. टीआरबीएक्स३०५ नटपाशी ४३ मिमी, म्हणजे आणखी अरुंद, पण ब्रिजवर अंतर १८ मिमी. डावा हात आवळत नाही आणि उजव्याला जागा मिळते, ही जोडी आम्हाला सगळ्यांत समजूतदार वाटते. अ‍ॅफिनिटी फाइव्हचा नट ४७ मिमीहून थोडा रुंद. चार तारांच्या जॅझ बेसची सवय असलेल्याला पहिला आठवडा मनगट दुखणार.

आता वायरिंग. अ‍ॅफिनिटी पॅसिव्ह आहे: दोन व्हॉल्यूम, एक टोन, बॅटरी नाही. बिघडायला फारसं काही नाही, आणि बिघडलंच तर सोल्डरिंग येणारा कोणीही दुरुस्त करील. त्याचे पिकअप (तारेचं कंपन उचलणारे चुंबक) सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचे आहेत. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की एकाची घरघर दुसरा खोडतो. एक जरा कमी केला की ती परत येते. देवळाच्या मांडवात अर्थिंगचा पत्ता नसतो, वर डिमरचे दिवे, तिथे हा त्रास पहिल्याच गाण्यात कळतो. टीआरबीएक्स३०५ चे पिकअप हमबकर, म्हणजे घरघर खोडणाऱ्या दुहेरी गुंडाळीचे, म्हणून ही तक्रार जवळजवळ नाही. त्यात पाच ठरावीक टोनांचा स्विच आहे (स्लॅप, पिक, फ्लॅट, फिंगर, सोलो). दुसऱ्याच्या अ‍ॅम्पवर, साउंडचेकशिवाय वाजवताना तो कामाला येतो. पण हा बेस पूर्ण अ‍ॅक्टिव्ह आहे, पॅसिव्हवर टाकायची सोय नाही. ९ व्होल्टची बॅटरी संपली की आवाज गेला. जॅक आत असेपर्यंत बॅटरी चालूच राहते, म्हणून वाजवून झाल्यावर केबल काढायची आणि एक नवी अल्कलाइन बॅटरी गिगबॅगच्या खिशात ठेवायची. जीएसआर२०५ मध्ये बेस वाढवणारी एकच अ‍ॅक्टिव्ह कळ आहे. घरी ती फिरवल्यावर मजा येते, पण बी तारेवर स्टेजवर तिने नुसता चिखल होतो. शून्यावर ठेवून सुरुवात करा. कॉर्टमध्ये बेस-ट्रेबल असा दोन पट्ट्यांचा ईक्यू (खालचे-वरचे सूर कमीजास्त करायची सोय) आहे, या किमतीत तो जास्त उपयोगी.

आमचा कौल: खिशाला परवडत असेल तर टीआरबीएक्स३०५. नसेल तर जीएसआर२०५ आणि कॉर्ट यांपैकी जो हातात बसेल तो, आणि वाचलेले पैसे सेटअप, चांगल्या तारा, मजबूत पट्टा यांवर. फक्त पिकअपच्या घरघरीमुळे अ‍ॅफिनिटी आम्ही पहिला बेस म्हणून सुचवणार नाही. साधा, जुन्या वळणाचा आवाज आवडत असेल तर ही हरकत बाजूला ठेवा.

मॉडेल कोणतंही असो, त्याच मॉडेलच्या दोन नगांत फरक पडतो. म्हणून मडगाव, पणजी, म्हापसा, जिथे जमेल तिथे हातात घेऊन बघा. आधी अ‍ॅम्प न लावता. बी तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा ई आणि उघडी ई तार पाठोपाठ वाजवा. एक भरीव आणि दुसरी सैल, फडफडणारी वाटली तर तार जुनी आहे किंवा अ‍ॅक्शन फार खाली (तारा फ्रेटच्या फारच जवळ) आहे. नटची खाचही बघा. .१३० ची तार बारीक खाचेत बसत नाही, वरच राहते. पहिल्या तीन फ्रेटवर ती दाबताना सूर चढतो. कारागीर खाच घासून हे सहज सुधारतो. मग बाराव्या फ्रेटवर इंटोनेशन (सूर नेमका लागतो का) बघा. बाराव्यावरचा सूर चढलेला असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे घ्यावा लागतो. बी तारेचा सॅडल आधीच पार मागे टेकलेला असेल तर तो नग ठेवून द्या. शेवटी पट्टा घालून दोन्ही हात सोडा. बेसचं डोकं जमिनीकडे झुकलं तर चार तासांच्या लग्नात डावा खांदा तुम्हालाच आठवण करून देईल.

सेटअपचे आकडे असे. पहिला फ्रेट कॅपोने (तारा दाबायच्या चिमट्याने) दाबा, शेवटचा बोटाने, आणि आठव्यापाशी तार नि फ्रेट यांत सुमारे ०.३ मिमी फट ठेवा, व्हिजिटिंग कार्डाइतकी. सतराव्या फ्रेटवर जी तारेखाली २ मिमी, बी तारेखाली २.४ ते २.८. ट्रस रॉड (मानेचा बाक ठरवणारी आतली सळई) एका वेळी पाव वळणापेक्षा जास्त फिरवू नका, आणि फिरवल्यावर एक रात्र मान बसू द्या. गोव्यात जूनमध्ये हवा ओली झाली की मान हलते, ऑक्टोबरात पुन्हा हलते. वर्षातून दोनदा ही फट मोजावी लागते.

जुना बेस घेताना बॅटरीच्या कप्प्यात हिरवी पूड, खरखरणारे पॉट (कळांखालचे फिरते भाग) आणि गंजलेले स्क्रू आधी बघा, खारी हवा तिथेच पहिली पोचते. ट्रस रॉडच्या आवळायच्या नटात अ‍ॅलन की घालून तो थोडा सैल करा, मग परत आवळा. तो अजिबात हलत नसेल किंवा आणखी आवळायला जागाच उरली नसेल तर किंमत कितीही कमी असली तरी नको.

अ‍ॅम्पचंही पाहा. उघड्या बी तारेचा मूळ सूर सुमारे ३१ हर्ट्झ. ८ इंची स्पीकरच्या छोट्या अ‍ॅम्पमधून तो येत नाही. ऐकू येतो तो वरच्या पटीचा ६२, आणि उरलेलं कान भरून घेतो. सरावाला तेवढं पुरतं. पण बेसची कळ पूर्ण फिरवून तो सूर काढायला जाऊ नका, स्पीकरचा कागद फाटतो. गिटारच्या अ‍ॅम्पवर तर बी तार जोरात वाजवूच नका.

पहिल्या महिन्यात सगळ्यांचं एकच चुकतं: ई तार वाजत असताना खाली बी तार आपोआप घुमत राहते आणि सगळं गढूळ होतं. उजवा अंगठा पिकअपवर न टेकता बी तारेवर ठेवा. वरच्या तारांकडे जाताना तोही सोबत सरकू द्या, म्हणजे मागच्या तारा दबलेल्या राहतात.