खिडकीचे मोटारवाले ब्लाइंड्स चालवायचे कशाने? हातातला रिमोट, भिंतीवरचं बटण की मोबाइल

पश्चिमेच्या खिडकीचं ऊन म्हणजे काय, ते ठाण्यातल्या आमच्या घरात एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर कळतं. फरशी तापते, सोफ्याचं कापड विटतं, टीव्हीच्या पडद्यावर खिडकीच दिसते. आमच्याकडे साखळीचे रोलर ब्लाइंड्स होते, म्हणजे वरच्या नळीवर गुंडाळले जाणारे कापडी पडदे. आईच्या बोटांना संधिवात आहे. मण्यांची साखळी ओढता ओढता तिची पकड सुटायची, ब्लाइंड अर्ध्यावर लटकायचा आणि ती खुर्ची सरकवत सरकवत सावलीत जाऊन बसायची. म्हणून मोटार बसवायचं ठरलं. पाच खिडक्या, पाच मोटारी.

मोटार कुठली घ्यायची यावर आम्ही दोन महिने खल केला. रिमोटवर पाच मिनिटंसुद्धा नाही. ब्लाइंडवाल्याने पंधरा चॅनेलचा, म्हणजे पंधरा ब्लाइंड्स वेगवेगळे चालवू शकणारा, एकच रिमोट हातात ठेवला, आम्ही तो घेतला. दोन वर्षांच्या वापरानंतर सांगते, ही चूक होती. मोटार वर नळीत बसलेली असते, तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. रोज हात लागतो तो बटणाला. म्हणून कुणी विचारलं की मी आता उलटीकडून सुरुवात करायला सांगते. दुपारी तीन वाजता ते बटण दाबणार कोण, हे आधी ठरवा.

एक रिमोट सगळ्यांना, की ज्याचा त्याला वेगळा?

पंधरा चॅनेलच्या रिमोटवर तीन मोठी बटणं असतात: वर, थांब, खाली. त्याशिवाय चॅनेल बदलायचे दोन बाण आणि एक छोटा स्क्रीन. आमच्याकडे १ म्हणजे हॉलची मोठी खिडकी, २ हॉलची लहान, ३ स्वयंपाकघर, ४ आमची खोली, ५ आईबाबांची. ब्लाइंडवाल्याने समजावलं तेव्हा सोपं वाटलं. पण स्क्रीन झोपलेला असतो, पहिल्या दाबाला तो नुसता जागा होतो. मग आकडा बघायचा, त्यासाठी चष्मा हवा. बाण दाबून हव्या आकड्यावर यायचं आणि मग खाली.

आई हॉलमध्ये बसून ‘खाली’ दाबायची आणि समोर काहीच हलायचं नाही. ती पुन्हा दाबायची. तिकडे आमच्या खोलीतला ब्लाइंड उतरून खोलीत काळोख झालेला असायचा, कारण आदल्या रात्री मी रिमोट ४ वर ठेवलेला. हा टीव्हीचा रिमोट नव्हे. टीव्हीचा साधा रिमोट इन्फ्रारेडवर चालतो, समोर रोखावा लागतो. ब्लाइंडचे बहुतेक रिमोट रेडिओ लहरींवर चालतात, साधारण ४३३ मेगाहर्ट्‌झवर, आणि त्या लहरी भिंतीपलीकडे जातात. सोय तीच आणि घोटाळाही तिथेच. आठ दिवसांत आईने रिमोट टीपॉयवर ठेवून दिला आणि पुन्हा मला हाक मारायला लागली. साखळी होती तेव्हासुद्धा ती हाकच मारायची. एवढा खर्च करून आम्ही जिथल्या तिथेच होतो.

उपाय फार स्वस्तात झाला. एकाच मोटारीला एकाहून जास्त रिमोट जोडता येतात, ही गोष्ट आम्हाला कुणी सांगितलीच नव्हती. एका चॅनेलचे साधे रिमोट घेतले, प्रत्येक खिडकीशेजारी भिंतीवर पट्टीत अडकवून टाकले. काहींच्या पट्टीत लोहचुंबक असतं, काढून हातात घेता येतो आणि परत लावता येतो. खिडकीजवळचं बटण त्याच खिडकीचं, यात समजावण्यासारखं काही उरत नाही. मोटारीच्या किमतीपुढे या रिमोटची किंमत किरकोळ आहे. जुना पंधरा चॅनेलचा रिमोट गेला नाही, तो माझ्या उशाशी असतो. रात्री सगळे ब्लाइंड्स एकदम उतरवायचे असतील तर तोच कामाचा.

तेव्हा तुलना अशी: घरात एकटे किंवा दोघेच तरुण असाल, खिडक्या दोन-तीन असतील, तर एक मल्टिचॅनेल रिमोट पुरे. चार खिडक्यांच्या पुढे किंवा घरात साठीपुढचं कुणी असेल तर प्रत्येक खिडकीला स्वतंत्र बटण घ्या, आणि मल्टिचॅनेल वरून एक.

भिंतीवरचं बटण दोन तऱ्हेचं मिळतं. एक हे बिनतारी, सेलवर चालणारं. दुसरं खऱ्या वायरिंगचं, पंख्या-दिव्यांच्या बोर्डात बसणारं. वायरिंगवालं सगळ्यात भरवशाचं, त्याचा सेल कधी संपत नाही आणि ते कधी हरवत नाही. पण त्यासाठी भिंत फोडावी लागते, म्हणून घराचं काम चालू असतानाच ते जमतं. त्यातही वायरमनला एक गोष्ट बजावून सांगा: घरच्या विजेवर थेट चालणाऱ्या साध्या एसी मोटारी असतील आणि त्यांच्या मर्यादा (ब्लाइंडने वर-खाली कुठे थांबायचं ते) यांत्रिक पद्धतीने बसवलेल्या असतील, तर दोन मोटारी एकाच बटणाला सरळ समांतर जोडायच्या नसतात. एकीतून उलटा येणारा प्रवाह दुसरीला बिघडवतो. मध्ये रिले लागतो, म्हणजे दोन्ही मोटारींची जोडणी एकमेकींपासून वेगळी ठेवणारा स्विच.

सेल, मुलं आणि एक फजिती

बहुतेक छोट्या रिमोटमध्ये चपटा बटण सेल असतो. सीआर २४३०, सीआर २४५० असे आकडे त्यावर असतात. पहिले दोन आकडे व्यास, २४ मिलिमीटर. पुढचे दोन जाडी, म्हणजे ३ आणि ५ मिलिमीटर. एकाच्या जागी दुसरा बसत नाही. घड्याळाच्या दुकानात जाताना जुना सेल बरोबर घेऊन जा. पेन्सिल सेलवाला रिमोट मिळत असेल तर मी तो आधी घेईन, सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतो.

लहान मूल असेल तर हा सेल फार जपा. गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर भाजतं. झाकण स्क्रूने बंद होणाराच रिमोट घ्या. मात्र मुलांच्याच कारणाने साखळी काढून टाकणं मला पटतं. लोंबणाऱ्या दोरीचा किंवा साखळीचा फास लहान मुलांच्या गळ्याला बसतो. अमेरिकेत अशा दुर्घटनांमुळे नियम कडक होत गेले आणि १ जून २०२४ पासून तिथे मापाने बनवून घेतलेल्या ब्लाइंड्सनाही नवं, अधिक कडक मानक लागू झालं. आपल्याकडे साखळी भिंतीला क्लिपने ताणून बसवणं एवढंही पुष्कळदा होत नाही.

आता फजिती. माझ्या सहा वर्षांच्या भाचीने एका रिमोटची वरची आणि खालची बटणं एकत्र दाबून धरली. ब्लाइंडने छोटासा झटका दिला. झटका म्हणजे मोटारीने दिलेली खूण: आता मी सेटिंगमध्ये आले. आम्हाला काय ठाऊक! पुढच्या दाबादाबीत खालची मर्यादा पुसली गेली. ब्लाइंड खिडकीच्या खाली, मग सोफ्याच्या मागे, मग नळीवरून पूर्ण सुटून उलट्या बाजूने गुंडाळायला लागला. काठाला चुण्या पडल्या, त्या आजही दिसतात. बसवणारा माणूस चार दिवसांनी आला. काही रिमोटमध्ये सेलच्या झाकणाखाली एक बारीक खटका असतो, तो फिरवला की मर्यादा बदलणारी बटणं बंद होतात. मोटार बसवून झाली की त्याच वेळी तो खटका लावून घ्या. नसेल, तर मर्यादा पुन्हा कशा बसवायच्या ते माणसासमोर स्वतः एकदा करून पाहा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा.

त्या दिवशी आणखी एक शिकले. मर्यादा बसवताना ब्लाइंड सारखा वरखाली होतो. नळीतली एसी मोटार साधारण चार मिनिटं सलग चालायलाच बनवलेली असते. त्यापुढे तापून आपोआप बंद पडते आणि निवल्यावर पुन्हा चालते. बिघडली म्हणून घाबरू नका, चहा होईपर्यंत थांबा.

मोबाइल आणि आवाज

मोबाइलवर ब्लाइंड चालवणं मला रिमोटची बदली वाटत नाही. ती वेगळीच सोय आहे, आणि तिची खरी किंमत वेळापत्रकात आहे. घरात कुणी नसताना दुपारी ब्लाइंड उतरलेला असणं, संध्याकाळी घर तापलेलं नसणं, यासाठी ॲप घ्यावं. ठाण्यात जूनअखेरीला सूर्य सव्वासातनंतर मावळतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास. शिवाय उन्हाळ्यात तो पश्चिमेच्या उत्तरेला कलून बुडतो, हिवाळ्यात दक्षिणेला. म्हणजे एकाच खिडकीत ऊन वेगळ्या वेळी, वेगळ्या कोनातून येतं. घड्याळ लावलेल्या रिमोटला दोनची वेळ दिली की तो बारा महिने दोनलाच उतरवणार. ॲपमध्ये ‘सूर्यास्ताआधी तीन तास’ असं सांगता येतं.

पण रोजच्या वरखालीसाठी मोबाइल हातात घ्या, उघडा, ॲप शोधा, ते जोडलं जाण्याची वाट बघा. तेवढ्यात माणूस उठून खिडकीशी पोचतो. आमच्याकडे सगळ्यांच्या मोबाइलवर ॲप आहे, वापरते मी एकटी, तेही वेळा बदलायला.

घेताना तीन गोष्टी विचारा. बहुतेक वायफाय मोटारी आणि हब (मोबाइल आणि मोटारी यांना जोडणारी छोटी पेटी) वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झवरच जोडले जातात, ५ वर नाहीत. राउटरवर या दोन्हींची नावं वेगळी ठेवलेली बरी. बॅटरीच्या मोटारीत थेट वायफाय असेल तर बॅटरी लवकर उतरते, म्हणून झिगबी किंवा थ्रेड या कमी वीज खाणाऱ्या बिनतारी पद्धतीची मोटार आणि घरात एक हब ही जोडी बरी. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: संवाद एकेरी आहे की दुहेरी? एकेरी मोटार हुकूम ऐकते, उत्तर देत नाही. ॲपवर ‘बंद’ दिसतं, पण ब्लाइंड खरोखर उतरला का हे ॲपला माहीत नसतं. सोम्फी या फ्रेंच कंपनीची आरटीएस ही रेडिओ पद्धत अशी एकेरी आहे. रोजच्या रिमोटसाठी ती उत्तम, फक्त ॲपवरच्या चित्रावर विसंबू नये.

आणि एक सावधगिरी. स्वस्तातलं ‘सगळे रिमोट शिकणारं’ यंत्र घेऊन पैसे वाचवायला जाल तर आधी रिमोट मोटारीला कसा कोड पाठवतो ते बघा. आरटीएससारख्या पद्धतीत प्रत्येक दाबाला कोड बदलतो. नुसती नक्कल करणाऱ्या यंत्राला तो शिकता येत नाही. त्या पद्धतीला चालणारा हबच लागतो.

आवाजाने चालवणं बाबांना आवडतं. अलेक्साशी हिंदीत किंवा इंग्रजीत बोलावं लागतं. बाबा ‘हॉल का पर्दा नीचे करो’ म्हणतात आणि ब्लाइंड उतरतो. ज्यांना उठताच येत नाही त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, आणि मी ती मनापासून सुचवीन. फक्त इंटरनेट गेलं की ती थांबते, म्हणून पलंगाशेजारी एका चॅनेलचा रिमोट हवाच.

वीज गेली तर

हा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही. वायरवाली एसी मोटार वीज गेली की जागच्या जागी थांबते, इन्व्हर्टरवर घेतली असेल तरच चालते. आणि रोलर ब्लाइंड हाताने ओढता येत नाही, ओढलात तर नुकसान. ज्या गावात उन्हाळ्यात तासन्‌तास वीज जाते तिथे बॅटरीची मोटार सरस. सरकत्या पडद्याच्या रुळावरची मोटार मात्र बहुधा हाताने ओढून देते, तो त्या प्रकारचा मोठा गुण आहे.

बॅटरीला दर काही महिन्यांनी चार्जिंग लागतं आणि चार्जिंगचं भोक असतं वर, पेल्मेटपाशी. आईबाबा एकटे राहत असतील तर स्टुलावर कोण चढणार? लांब वायर खालपर्यंत आणून ठेवायची सोय असेल तरच अशा घरात बॅटरी घ्या. नाहीतर रंगकामाआधी खिडकीवर एक पॉइंट काढून घ्या.

रिमोट सहा फुटांवरून चालतो आणि दारातून चालत नाही, अशी तक्रार असेल तर आधी मोटारीच्या टोकाची बारीक तार बघा. तीच अँटेना. बसवणारे ती नीटनेटकी दिसावी म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्टीमागे दाबतात किंवा कापतात. आमच्या स्वयंपाकघरात ती ग्रिलच्या चौकटीला गुंडाळलेली होती. सोडवून सरळ लोंबती ठेवली आणि त्याच रिमोटने पॅसेजमधून ब्लाइंड हलायला लागला.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने तिकडून मोटार किंवा हब आणायचं म्हटलं तर आधी लेबल वाचा. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. झेड-वेव्ह या आणखी एका बिनतारी पद्धतीची उपकरणं तर देशागणिक वेगळ्या लहरींवर चालतात, अमेरिकेत ९०८ मेगाहर्ट्‌झच्या आसपास, भारतात ८६५. तिकडचा रिमोट इथल्या मोटारीशी बोलत नाही.

आज नव्याने घ्यायचं झालं तर मी वायरवाली मोटार, प्रत्येक खिडकीला एका चॅनेलचं भिंतीवरचं बटण, एक मल्टिचॅनेल रिमोट आणि वर्षभराने जमलं तर हब, या क्रमाने घेईन. आणि उत्तरेकडची ती छोटी खिडकी, जिथे ऊन येतच नाही आणि जिचा ब्लाइंड महिन्यातून दोनदा हलतो, तिला साखळीच ठेवीन, भिंतीला घट्ट क्लिप करून.